पाठीला पाठ

थोरलीचा खांदा काही एका दिवसात आखडला नाही, पण तिच्या लक्षात आलं ते मात्र एका सकाळी, केस बांधताना. उजवा हात डोक्यामागे नेला तो कानापर्यंत जाऊन अडला, कुणी मागून कोपर धरून ठेवावं तसा. तिने जरा जोर केला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आरशातली बाई तोंड वाकडं करून तिच्याकडे बघत राहिली.

"अहो," तिने हाक मारली, "जरा इकडे या."

नवरा आला. तो तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता घरात कुठेही उभा राहिला तरी आपण कुणाच्या तरी वाटेत येतोय असं त्याला वाटायचं. तिने त्याच्या हातात कंगवा दिला.

"मी?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

त्याने बसची काच पुसतात तसे तिचे केस विंचरले, वरून खाली, दणादणा. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते केस ओढल्यामुळे की हसू दाबल्यामुळे हे तिलाच कळलं नाही.

थोरली एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची. एकतीस वर्षं. हॉटेलातल्या आचाऱ्यांचे पांढरे कोट, डॉक्टरांचे झगे, टेबलांवरची लांबच लांब कापडं, आणि शर्ट, शर्ट, शर्ट. आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, बाह्या, शेवटी पुढचा-मागचा भाग. डोळे मिटूनही तिने शर्ट चुकवला नसता. तिच्या सासूबाई याच लाँड्रीत धुण्याच्या विभागात होत्या, त्यांनीच तिला तिथे लावून दिलं होतं. त्यांनी आपल्या दोन्ही सुनांना कधी नावाने हाक मारली नाही. एक थोरली, एक धाकटी. तेच नाव लाँड्रीत पडलं, मग गल्लीत, आणि आता तर दवाखान्यातल्या कागदावरही डॉक्टर खरं नाव वाचून एक क्षण गोंधळायचे, मग म्हणायचे, "हां, म्हणजे थोरली."

डॉक्टरांनी तिचा हात धरून वर, बाजूला, मागे नेऊन पाहिला. तिने दात आवळले.

"खांदा गोठलाय," ते म्हणाले.

"गोठलाय? दिवसभर मी वाफेत उभी असते, डॉक्टर. माझ्याइतका शेक गावात कुणाच्या खांद्याला मिळत नसेल."

डॉक्टर हसले. हे दुखणं येतं तसं जातंही, म्हणाले, पण सावकाश. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. गोळ्या दुखण्यापुरत्या. "बाकी काम तुमचं. हात हलवत राहायचा, पण त्याच्याशी मारामारी करायची नाही. शाळेच्या हॉलमध्ये सकाळी सिस्टर योग शिकवतात, तिथे जा. माझं नाव सांगा, नाहीतर नका सांगू. त्या माझंही ऐकत नाहीत."

योग म्हणजे ज्यांना वेळ जाता जात नाही त्यांचं काम, असं थोरलीचं स्वच्छ मत होतं. आठ तास उभं राहून जिचे पाय सुजतात तिने पहाटे उठून आणखी एका पायावर कशाला उभं राहायचं? पण त्याच आठवड्यात लाँड्रीत तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा एक कोट जळला. दुखरा हात वेळेवर उचलला गेला नाही, आणि पांढऱ्या कापडावर बदामी रंगाचा इस्त्रीचा ठसा उमटला. कुणी काही बोललं नाही. न बोलणंच तिला लागलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती शाळेच्या हॉलच्या दारात उभी होती.

हॉलमध्ये रबरी चेंडूंचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास होता. बारा-चौदा माणसं चटया पसरत होती. सिस्टर सत्तरीच्या, काटकुळ्या. नर्सची नोकरी सोडून दहा वर्षं झाली तरी घड्याळ अजून छातीवर, पिनेने लावलेलं. त्यांनी थोरलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "खांदा ना? उजवा. चालताना हात सांभाळताय. या, इथे या." आणि तिच्यासाठी एक चटई उलगडली, खिडकीजवळ, दुसऱ्या रांगेत.

शेजारच्या चटईवर धाकटी बसली होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी दोन गल्ल्या सोडून राहत होत्या आणि अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आधी असं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिला घरातल्या खाणाखुणा शिकवल्या होत्या: सासूबाई कधी रागावल्यात आणि कधी नुसत्या भुकेल्या आहेत हे कसं ओळखायचं, तिच्या नवऱ्याला कुठल्या कपाटाला हात लावलेला खपत नाही. दोघी मिळून बाजारात जायच्या आणि एकमेकींच्या पिशव्यांत चुकून सामान टाकून यायच्या. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. दोन वर्षं. थोरलीच्या घरीच होत्या त्या. थोरली तेव्हा लाँड्रीत अर्धाच दिवस जायची, म्हणून दुपार थोरलीची, रात्र धाकटीची, अशी वाटणी होती. धाकटी बेकरीच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिथून सुटली की घरचं आवरून सासूबाईंच्या खोलीत खुर्ची ओढून बसायची. एका सकाळी थोरली चहा घेऊन खोलीत गेली तर सासूबाई गेल्या होत्या आणि धाकटी खुर्चीत मान टाकून झोपली होती.

घर माणसांनी भरलं. त्यात कुणीतरी, सहज विचारतात तसं, विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

थोरली म्हणाली, "होती ना धाकटी. झोपली होती."

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. धाकटीच्या हातात कपांचा ट्रे होता. तिने तो टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि ती निघून गेली. शब्द म्हणजे काही कापड नाही, की चुणी पडली तर पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री फिरवावी. थोरलीला पहिल्या आठवड्यात जाऊन माफी मागायची होती. मग पहिल्या महिन्यात. पुढे पुढे तर माफी इतकी शिळी झाली की ती कुठल्या तोंडाने मागावी हेच कळेना. भाऊ-भाऊ मात्र बाहेर भेटत, बसस्टॉपमागच्या चहावाल्याकडे, चोरून प्रेम करणाऱ्यांसारखे.

तर त्या सकाळी थोरलीला वाटलं, आल्या पावली परत जावं. पण सिस्टरांनी चटई उलगडली होती आणि सगळे बघत होते. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. थोरली बसली. बसताना हाडं कटकट वाजली, आणि त्या शांततेत ती सगळ्या हॉलने ऐकली.

सिस्टरांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. त्या स्वतः फारसं काही करून दाखवत नसत, माणसांमधून हिंडत आणि बघत. पहिल्याच आठवड्यात त्या थोरलीच्या मागे येऊन थांबल्या. "तुम्ही श्वास धरून ठेवता."

"नाही हो."

"हात उचलायच्या आधी कोंडता. हात खाली आला की सोडता. काय काम करता?"

"इस्त्री."

"जड आहे का?"

"असते की."

"मग आज कामावर जाल तेव्हा बघा," सिस्टर म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

थोरलीने बघितलं. आणि खरंच! इस्त्री कॉलरवर टेकली की तिचा श्वास बंद. कफवर बंद. पूर्ण शर्ट होईपर्यंत ती जेमतेम तीन-चारदा श्वास घेत होती, तोही चोरल्यासारखा. एकतीस वर्षं. तिने मनातल्या मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला, इतक्या शर्टांमागे आपण किती श्वास न घेता काढले, आणि मग तो नाद सोडून दिला. त्या दिवसापासून ती इस्त्री पुढे सरकवताना श्वास सोडू लागली. आधी चुकायचं. मग जमलं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय गं, आज इस्त्री पण सुस्कारे टाकतेय आणि तू पण?"

हात मात्र तिथेच. रोज संध्याकाळी ती भिंतीसमोर उभी राहायची आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चालवायची, मुंगी चढते तशी. जिथे अडेल तिथे नवऱ्याने पेन्सिलीने खूण करायची. खुणा इतक्या जवळजवळ होत्या की त्यांची एक जाड काळी रेघ झाली. नवरा म्हणायचा, "आज वर गेलाय हं." थोरलीला माहीत होतं की तो पेन्सिल जरा वर धरतो.

एक गोष्ट तिला काही केल्या जमत नव्हती, आणि ती सगळ्यांत सोपी होती. शेवटी दहा मिनिटं शवासन असायचं. उताणं पडायचं, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं. इतर सगळे मजेत पडायचे. पहिल्या रांगेत घड्याळं दुरुस्त करणारा एक घड्याळजी असायचा, तो तर दोन मिनिटांत घोरू लागायचा. थोरली छताकडे टक्क बघत राहायची. डोळे मिटले की छातीत धस्स व्हायचं आणि ते उघडायचे.

सिस्टर तिच्याजवळ वाकल्या. "काय झालं?"

"दिवसाउजेडी आडवं पडायची सवय नाही मला," थोरली म्हणाली.

शेजारच्या चटईवर धाकटीने मान पलीकडे वळवली.

तिसऱ्या आठवड्यात घड्याळजी आला नाही, आणि जोडीच्या व्यायामाला तोच धाकटीबरोबर असायचा. सिस्टरांनी टाळी वाजवली. "आज जोडीने श्वास. तुम्ही दोघी एकत्र बसा. पाठीला पाठ लावून."

अकरा वर्षं एकमेकींकडे पाठ फिरवून काढलेल्या दोन बायकांना हे सांगणं म्हणजे मासळीला पोहायला सांगण्यातलाच प्रकार. पण पाठ फिरवणं वेगळं आणि पाठीला पाठ लावणं वेगळं. दोघी बसल्या. आधी मध्ये चार बोटांची फट होती. सिस्टर येऊन म्हणाल्या, "मधून गाडी जायचीय का?" मग फट मिटली.

धाकटीची पाठ गरम होती. बेकरीत काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांना भाजलेल्या पावाचा जो वास कायम असतो तो थोरलीच्या नाकात शिरला. पाठीमागे काहीतरी हळूच फुगलं, हळूच ओसरलं. मग पुन्हा. थोरलीला कळेना आपण श्वास कसा घ्यायचा; आपला श्वास तिला कळेल याचीच लाज वाटली. मग थोड्या वेळाने, तिच्या नकळत, दोघींचा श्वास एकाच वेळी वर-खाली होऊ लागला. कोण कुणाच्या मागे लागलं होतं कुणास ठाऊक.

संपलं तेव्हा दोघी उठल्या आणि आपापल्या चटया गुंडाळू लागल्या. पण दुसऱ्या दिवशी घड्याळजी परत आला तेव्हा धाकटी सरळ थोरलीच्या चटईवर येऊन पाठमोरी बसली. घड्याळजी बिचारा उभाच राहिला.

मग थोरलीचा नवरा पंधरा दिवसांसाठी मुलीकडे गेला. नातीचा पाय मोडला होता, मुलगी आणि जावई दोघं कामावर, तेव्हा आजोबांची ड्युटी लागली. "तुझे केस?" जाताना त्याने विचारलं. "बघेन मी," थोरली म्हणाली. आणि बघितलं ते असं, की डाव्या हाताने सगळे केस एका बाजूला ओढायचे आणि त्यांना कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावायचा.

तसा चिमटा लावून ती वर्गात आली. शवासनात डोकं टेकेना, चिमटा टोचत होता. शेजारून नाकातून फुसकन हवा सुटल्यासारखा आवाज आला. थोरलीने बघितलं. धाकटी ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होती आणि तिचं पोट हलत होतं.

वर्ग सुटल्यावर थोरली हॉलबाहेरच्या बाकावर बसून चपला घालत होती. धाकटी मागे येऊन उभी राहिली. पर्समधून कंगवा काढला, चिमटा उपटला आणि बाकावर ठेवला.

"मान सरळ ठेवा," ती म्हणाली.

अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. थोरलीने मान सरळ ठेवली. धाकटीने खालून वर, गुंता सोडवत, अजिबात न ओढता केस विंचरले, वेणी घातली, आणि बस पकडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. बोलणं दोन-चार शब्दांचं. "किती गळतायत." "वय झालं." "खांदा?" "आहे तिथेच." "गुडघा?" "तोही." धाकटीच्या गुडघ्यांची झीज झाली होती, दिवसभर काउंटरवर उभं राहून, वर्गात ती त्यासाठीच यायची हे थोरलीला तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी कंगवा मध्येच थांबला.

"वहिनी, मी खरंच झोपले होते."

कंगवा पुन्हा हळूच चालू लागला.

"तुम्ही खोटं बोलला असतात तर मी भांडले असते. तिथल्या तिथे उभी-आडवी भांडले असते. पण खरं होतं ते. खऱ्याशी काय भांडणार? त्यांनी हाक मारली असेल, आणि मला ऐकू आली नसेल, हेच मनात येत राहतं. अजून. काउंटरवर उभी असले तरी."

थोरलीने वळायचा प्रयत्न केला, खांद्यातून कळ गेली, तरी ती वळली.

"मीही झोपायचे," ती म्हणाली.

"कधी?"

"रोज. दुपारी. लाँड्रीतून यायचे, त्यांना भरवायचे, खुर्चीत बसायचे, की संपलंच. एकदा चांगले दोन तास झोपले. जाग आली तर त्यांची चादर ओली होती. मी घाबरले. म्हटलं, आई, हाक का नाही मारली? तर म्हणाल्या, 'छान घोरत होतीस गं. झोप मोडवेना.'" थोरलीचा आवाज फुटायला लागला. पण पुढचं सांगायलाच हवं होतं, खरं तर तेच सांगायचं होतं. "आणि म्हणाल्या, 'धाकटीही अशीच झोपते रात्री. तिलाही मी उठवत नाही. माझ्यापायी दोघी किती दमता.'"

धाकटीच्या हातात कंगवा तसाच होता.

"असं म्हणाल्या? माझ्याबद्दल?"

"हो."

"आणि हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं. सगळ्यांसमोर बोललात तेव्हा."

"माहीत होतं. मला भीती वाटली. वाटलं, आता कुणीतरी मला विचारेल, दुपारी तू काय करत होतीस. म्हणून मी आधीच तुझ्याकडे बोट दाखवलं."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, लांबून बघावं तसं. "अकरा वर्षं, वहिनी," ती म्हणाली. "हे एक वाक्य मला अकरा वर्षांपूर्वी मिळालं असतं ना..." तिने कंगवा पर्समध्ये टाकला आणि ती गेली. वेणी अर्धीच राहिली.

चार दिवस धाकटी वर्गाला आली नाही. तिची चटई भिंतीला टेकून उभी होती. चौथ्या दिवशी सिस्टर थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज हा दगड झालाय. घरी जाऊन व्यायाम करू नका. जे काम राहिलंय ते करा." त्यांना काही माहीत होतं म्हणून नव्हे, सिस्टर असंच बोलायच्या.

थोरली दुपारच्या सुट्टीत लाँड्रीतून निघाली आणि बेकरीत गेली. दुकानात रांग होती. ती रांगेत उभी राहिली. पुढे एक-एक माणूस सरकत होता. शेवटी काउंटर आला.

"काय देऊ?" धाकटीने विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"माफी मागायला आलेय."

"मागे रांग आहे, वहिनी."

"असू दे. तेव्हा चारचौघांत बोलले होते, तर आता चारचौघांतच सांगते." थोरली मागे वळली. रांगेत सहा-सात माणसं होती, त्यांतल्या एकालाही ती ओळखत नव्हती. "ही माझी धाकटी जाऊ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लाँड्रीतल्या यंत्रांवरून ओरडायच्या सवयीने जरा मोठाच निघाला. "हिने माझ्या सासूबाईंची दोन वर्षं सेवा केली. दिवसभर इथे उभी राहून रात्री त्यांच्याजवळ बसायची. हिचं काही चुकलं नाही. मी चारचौघांत हिच्यावर ठपका ठेवला. चुकलं ते माझं."

रांगेतला एक म्हातारा काठी टेकून म्हणाला, "बरं झालं बोललात. मनात ठेवू नये. आता जरा सरता का बाजूला, मला दोन पाव हवेत."

धाकटी हसायला लागली. हसता हसता तिने काउंटरवर डोकं टेकलं आणि मग ती हसत नव्हती. आतून बेकरीचा मालक बाहेर आला, त्याने एकदा बघितलं आणि स्वतःच त्या म्हाताऱ्याला पाव बांधून दिले.

थोडं सावरल्यावर धाकटी नाक पुसत म्हणाली, "मला अजून राग आहे हं."

"असू दे."

"लगेच जाणार नाही तो."

"खांद्याचं दुखणंही लगेच जाणार नाही म्हणालेत डॉक्टर," थोरली म्हणाली. "मी येत राहीन."

"उद्या केस धुऊन या," धाकटी म्हणाली. "तेलाने हात बरबटतात माझे."

त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी, नक्की कुठल्या दिवशी ते थोरलीला आठवत नाही, शवासनात तिचे डोळे मिटले. तिने मिटले नाहीत, ते मिटले. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कुणीतरी शाळेचं फाटक उघडत होतं, आणि अंगाखाली फरशी होती, पक्की. छातीत धस्स झालं नाही. सिस्टरांनी सगळ्यांना उठवलं, आणि ती उठली तेव्हा गालाला चटईच्या विणीचे ठसे होते, म्हणजे झोपेत कुशीवरही वळली होती. "दुखऱ्या बाजूला वळलात," सिस्टर म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे."

खांद्याला चौदा महिने लागले. सगळा सुटला असं म्हणता येणार नाही. पाठीमागे हात नेला की अजून एका जागी अडतो, आणि थंडीत कुरकुरतो. पण शर्ट होतात, उंच फळीवरचा डबा काढता येतो, केस बांधता येतात. लाँड्रीत आता दर तासाला पाच मिनिटं सगळ्या इस्त्रीवाल्या भिंतीला हात टेकून उभ्या राहतात. थोरलीने लावलेली सवय आहे ती. मालकाने सुरुवातीला विचारलं, "हा काय संप आहे का?" थोरली म्हणाली, "श्वास घेतोय."

पुढच्या वर्षी धाकटीच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. थोरली तीन आठवडे तिच्या घरी जाऊन राहिली. धाकटीने कुणालाही बोलावलं नव्हतं; थोरली पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दुपार माझी, रात्रही माझी. आणि मला झोप आली की मी झोपणार आहे, तुला काही लागलं तर खुशाल ओरड."

आता त्या दोघी भांडतात. रोज. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहात साखर किती, व्यायाम आधी की आंघोळ आधी. धाकटीचा नवरा कानांत कापूस घालून बसतो आणि भावाला फोन करून सांगतो, "पूर्वीचं बरं होतं रे." पण ते सांगताना तो हसत असतो.

त्या तीन आठवड्यांतल्या एका सकाळी थोरली धाकटीच्या पलंगाशी बसून तिला टाच ताणायला लावत होती. धाकटी कळवळत होती, शिव्या देत होती, आणि मध्येच तिची नजर उघड्या कपाटाकडे गेली. आत टॉवेल, उशांचे अभ्रे, भांडी पुसायची फडकी, सगळं घडी घालून, धारदार कडांनी, एकावर एक रचलेलं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या फडक्यांना इस्त्री केलीत?"

"मग? वेळ होता. टाच ताण."

"फडक्यांना कुणी इस्त्री करतं?"

"मी करते. ताण म्हटलं ना."

"आता भांडी पुसायला हात होईल का माझा? इतकी छान दिसतायत ती."

"मग पुसू नकोस," थोरली म्हणाली, आणि तिचं पाऊल दोन्ही हातांत धरून हळूच मागे वाकवू लागली. "अजून दहा वेळा. मोज."

"तुम्हीच मोजा. मला दुखतंय."

थोरली मोजू लागली. सातपर्यंत आल्यावर धाकटीने तिला टोकलं, की सहा दोनदा म्हणालात, आणि मग दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.